खळगा

"खळगा कुठं गेला?"

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं. धार लावायचा दगड त्यांच्या डाव्या तळहातावर होता आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्या मधोमध पुन्हा पुन्हा फिरत होता, दिवे गेल्यावर भिंतीवर बटण चाचपावं तसा. मी मोठ्या हौसेनं सांगत होतो की दोन रविवार गेले, पण दगड आता अगदी सपाट झालाय, पोलादी पट्टी उभी धरली तर खालून उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दगड ओट्यावर ठेवला, हात धुतले, पंचाला पुसले आणि बाहेर जाऊन पेपर उघडला. रात्री जेवताना ते नेहमीसारखेच बोलले, नातीच्या क्लासबद्दल, गावाकडच्या पावसाबद्दल. दगडाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढवला नाही. या गोष्टीला आता चौदा महिने झाले.

दगड आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. गावच्या घराची कौलं उतरवून पत्रा घालायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून त्यांची धोकटी खाली आली. चामडं वाळून पापडासारखं झालेलं, बंद हातात धरताच तुटला. आत दोन कात्र्या, नखं काढायची नराणी, पितळेची वाटी, पारा उडालेला आरसा, झिजून गोटीसारखा झालेला तुरटीचा खडा आणि तीन वस्तरे. दोन गंजून मुठीला चिकटलेले. तिसऱ्याला आबांनी तेल लावून मेणकापडात गुंडाळून ठेवलं होतं. त्याच्या दांडीवर ‘सोलिंगेन’ या पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावाची एवढीच अक्षरं वाचता येत होती, कारखान्याचं नाव हाताखाली झिजून गेलं होतं. तळाशी, धोतराच्या फडक्यात, हा दगड. आठ इंच लांब, दोन इंच रुंद. वरचा थर सायीसारखा पिवळट, खालचा पिकत आलेल्या जांभळाच्या रंगाचा. आणि पिवळ्या थराच्या मधोमध तो खळगा. खोलीला फार नाही, दोन मिलिमीटर असेल, पण दगडावर बोट ठेवलं की ते आपोआप तिथं घसरायचं.

आबांचं धार लावणं पहाटेचं. ओसरीच्या पायरीवर पाण्याचा तांब्या, मांडीवर फडकं, फडक्यावर दगड. त्याच दगडाचा, अर्ध्या काडेपेटीएवढा, एक तुकडा त्यांच्याकडे होता. त्याला ते पिल्लू म्हणायचे. दगडावर चार थेंब पाणी टाकून पिल्लू गोल गोल फिरवलं की ताकासारखं पांढुरकं पाणी सुटायचं. त्या ताकातून वस्तरा फिरायचा, धार पुढं आणि पाठ मागं, जाताना एक बाजू, येताना दुसरी. आवाज अगदी बारीक, जात्यातून शेवटची मूठ निघून जाताना येतो तसा. थोड्या वेळानं बोट बुडवून एक थेंब पाणी, पुन्हा दहा-बारा हात, पुन्हा एक थेंब. ताकाचं निवळ पाणी होईपर्यंत हेच. शेवटचे हात नुसत्या पाण्यावर, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनानं. मग ओल्या अंगठ्याच्या नखावर धार हलकेच ओढून बघायची. कुठं अडली, कुठं खरखरली, तर परत दगडावर. नाहीतर तळहातावर, आता पाठ पुढं ठेवून, चट-चट-चट. सगळ्यात शेवटी डाव्या हाताचे केस. आबांचा तो हात मनगटापासून कोपरापर्यंत लहान मुलासारखा गुळगुळीत होता, आणि त्याला साबणाचा आणि ओल्या दगडाचा असा एक मिसळलेला वास असायचा. नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा वास त्याच्या जवळचा, पण तोही नव्हे.

गाव कराडच्या पुढं, कृष्णेकाठी. आबांकडे साठ-सत्तर घरं होती. सुगीला त्या घरांतून बलुतं यायचं आणि वर्षभर तिथल्या दाढ्या, जावळं, नवरदेवाची हजामत आणि घाटावरचं दहाव्याचं मुंडण आबांकडे. त्याआधी चार वर्षं ते मुंबईत, गिरगावातल्या एका सलूनात कारागीर होते. दगड तिथला. म्हाताऱ्या मालकानं दुकान मोडलं तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी आबांनी हा दगड मागून घेतला, असं आजी सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात त्याचा राग चाळीस वर्षांनंतरही ताजा असायचा. अण्णांनी यातलं काहीच घेतलं नाही. शाळेत त्यांना नावाऐवजी जातीवरून हाक मारणारं कुणीतरी होतं, एवढं त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलंय. मॅट्रिक होऊन ते सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, पुण्याला आले, आणि त्यानंतर वस्तऱ्याला त्यांचा हात लागला नाही. स्वतःची दाढीसुद्धा ते सेफ्टी रेझरनं, आमच्याकडे पाठ करून करायचे.

चुलत्यांनी कराडला सलून टाकलं. नव्वदच्या आसपास एड्सच्या भीतीनं गिऱ्हाईक नवं ब्लेड मागायला लागलं, आणि कागदातल्या कागदात ब्लेड मोडून त्याचं अर्धुक वस्तऱ्यात सरकवायची पद्धत बसली. चुलतभाऊ आज तेच करतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर कागद फाडतो, अर्धं ब्लेड, एक दाढी, संपलं. तेच बरोबर आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दगड, नख, पहाट या सगळ्यांचं काम दहा वर्षांत संपलं. त्याच्या दुकानात आता धार लावायला काहीच नाही, कात्रीसुद्धा बाहेर देतात.

मी वस्तरा हातात घेतला त्यात आबांची आठवण होती. अण्णांनी जे बंद केलं ते उघडून बघायची इच्छाही होती, आणि तिच्यात अण्णांना दुखावण्यासारखं काहीतरी आहे हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून पहिले काही महिने ते गावी गेले की मगच मी हे काढायचो. आबांच्या दगडाला हात लावायची हिंमत नव्हती, तेव्हा आधी बोहरी आळीतून कार्बोरंडमचा दगड आणला, एक बाजू जाड, एक बारीक, घराघरांत विळी-सुरीला असतो तो. १८९१ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसनला विजेच्या भट्टीत हे स्फटिक मिळाले. त्याला वाटलं कार्बन आणि कोरंडम एकत्र आलेत, म्हणून हे नाव. आणि कोरंडम म्हणजे आपला कुरुंद, दक्षिणेतून तिकडं गेलेला शब्द. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण वस्तऱ्याला तो दगड चालत नाही. दहा हात मारून भिंगातून पाहिलं तर धारेवर नांगरट झाली होती.

मग पाण्यावर चालणारे जपानी पद्धतीचे दगड मागवले, कारखान्यात बनवलेले, १०००, ४००० आणि ८००० नंबरचे. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. कुणी मला विचारलं की पहिला दगड कोणता घ्यावा, तर मी आजही हेच सांगेन. खाणीतला दगड पहिला घेऊ नये. त्याचा स्वभाव ठाऊक नसतो, आणि धार बसली नाही तर चूक हाताची की दगडाची हेच समजत नाही. कारखान्याचा दगड एकसारख्या कणांचा असतो, त्यामुळे चूक आपलीच असते आणि शिकता येतं. सुरीला कोन धरावा लागतो, वस्तऱ्याला नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवायच्या, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनी १६-१७ अंशांचा कोन आपोआप बसतो. वर्षानुवर्षं दोन्ही बरोबरीनं झिजत असल्यामुळे तो फारसा हलतही नाही. सगळी मेहनत १००० वर. दोन्ही बाजूंचे उतार धारेत एकमेकांना मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत मिळाले पाहिजेत. तिथं कच्चं राहिलं तर पुढचे दगड नुसती चमक देतात, आणि चमकणारा, न कापणारा वस्तरा गालावर फार वाईट लागतो. ४००० नं आधीचे चरे काढायचे, ८००० नं उरलेसुरले. मला हे जमायला चार महिने लागले. गंजक्या दोन वस्तऱ्यांपैकी एक त्यात कामी आला.

आबांचा दगड कुठला हे मी त्याच सुमारास ओळखलं. पिवळ्यावर जांभळा असा निसर्गतःच जोडलेला दगड जगात प्रसिद्ध आहे तो एकाच भागातला, बेल्जियमच्या आर्डेन डोंगरातला, व्हिएलसाल्म नावाच्या गावाच्या आसपासचा. कोटिक्यूल म्हणतात त्याला. एकेकाळी जगभरच्या न्हाव्यांकडे तो जायचा. त्याच्या पिवळ्या थरात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात. आपल्याकडे अंगठीत गोमेद घालतात तो त्याच कुळातला. हे कण बारा तोंडांचे, जवळजवळ गोल, म्हणून ते पोलादात खोल रुतत नाहीत, वरवर तासतात, आणि धार तीक्ष्ण असूनही गालाला मऊ लागते. दगडाचं ताक काढलं की कण सुटे होऊन भराभर कापतात. नुसतं पाणी असलं की दगडातच बसून हळूहळू घासतात. म्हणजे मी पैसे मोजून जे तीन नंबर घेतले ते आबांच्या एका दगडात होते, आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं साधन म्हणजे बोटावरचा पाण्याचा थेंब. समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्यावर आमचं गाव बसलंय तो काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्हाचा. त्याचा पाटा होतो, जातं होतं, टाकी लावली की तो दाणे उत्तम फोडतो. वस्तऱ्याला त्याचा उपयोग नाही. ज्या गावात पायाखाली सगळा दगडच दगड, तिथं आबा इतक्या दुरून आलेला हा वीतभर तुकडा धोतरात गुंडाळून ठेवत होते.

हा पिवळा थर खाणीतही पातळच असतो. आबांच्या दगडावर कडेला तो पाच मिलिमीटर होता, खळग्यात तीन.

आणि सगळीकडे एक नियम लिहिलेला सापडतो. दगड सपाट हवा. पेन्सिलीनं चौकटी आखा, पाण्याखाली घासा, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. नियम खोटा नाही. सरळ धारेचा वस्तरा खळगा पडलेल्या दगडावर नीट लागत नाही. मी ओट्याच्या ग्रॅनाइटवर वॉटर पेपर पसरला, २२० नंबरचा, नळ बारीक सोडला आणि घासायला बसलो. पहिल्या तासात फक्त कडांच्या रेघा गेल्या. मधल्या तशाच, अगदी काळ्या. दगड कठीण, पेपर बोथट व्हायचा, नवा घ्यायचा. पिवळसर दूध सिंकमध्ये उतरत होतं, बोटांच्या चिरांत बसत होतं, चंदन उगाळल्यावर गंध बसावं तसं. दुसऱ्या रविवारी चारच्या सुमाराला मधली शेवटची रेघ गेली. मला तेव्हा जो आनंद झाला तो खरा होता, तो मी आज नाकारणार नाही.

अण्णा त्याच संध्याकाळी गावाहून आले. ओटा आवरायला मला वेळ मिळाला नाही.

त्यांच्या प्रश्नानंतर मला जे उमगत गेलं ते एकदम उमगलं नाही. आधी हिशेब कळला. आबांनी दगडाचा मधला भाग वापरला होता. कडांना त्यांनी हात लावला नव्हता, तो उरलेला माल होता. मी जे घासून नळाखाली सोडलं ते नेमकं तेच, जे त्यांनी खर्च केलं नव्हतं. खळगा पुसताना खळग्यातला कणही कमी झाला नाही, त्याच्या भोवतीचं सगळं मी त्याच्या पातळीला आणलं. आता दगडावर सगळीकडे तीन मिलिमीटर पिवळं आहे.

मग आठवड्याभरानं सोलिंगेनचा वस्तरा त्या सपाट दगडावर धरला आणि तो लागेना. धारेवर मार्करची रेघ ओढून एक हात मारून बघतात. शाई जिथं राहिली तिथं दगड पोचलेला नाही. माझी शाई मधून गेली होती, टाचेला आणि टोकाला तशीच. पुन्हा केलं, तेच. वस्तरा उजेडापुढं धरला तेव्हा दिसलं की धार सरळ नाहीच. ती चंद्रकोरीसारखी किंचित कमानदार आहे, पाठही तशीच झिजलेली. किती वर्षं मी ते पातं हातात घेऊन बसलो होतो आणि माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. खोलगट दगडावर रोज फिरून पात्याला फुगवटा आला होता. दगडात जेवढा खळगा तेवढा पोलादात फुगवटा, दोघांनी एकमेकांना झिजवत नेलं होतं, आणि खळग्यात ते पातं बरोबर बसायचं. माळ्यावरून खाली आले तेव्हा ते दोघं जोडीचे होते.

उपाय दोन. एक म्हणजे वस्तराही घासून सरळ करायचा, मधलं पोलाद काढून टाकायचं. हा सल्ला मला मिळाला आणि देणाऱ्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण एकदा सपाट केल्याचं फळ समोर ओट्यावर होतं. दुसरा म्हणजे हात बदलायचा. कमानदार पातं सपाट दगडावर एका दमात सगळं टेकत नाही. टाच टेकवून सुरुवात करायची आणि दगडाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वजन हळूहळू टोकाकडे न्यायचं, तिरकं ओढत, कोपर किंचित उचलत. दाब द्यायचा नाही. दाब दिला की पातळ पातं वाकतं आणि पाठ तेवढी घासली जाते. पाऊसभर मी रोज रात्री हे केलं. शाई लावायची, एक हात, भिंग, पुसायचं, पुन्हा शाई. दिवाळीच्या आसपास एका रात्री शाई एकसारखी निघाली. मी पुन्हा लावली, पुन्हा निघाली. त्या धारेनं केलेली दाढी फार चांगली झाली, हनुवटीखाली सोडून. तिथं केस दोन दिशांना उगवतात आणि माझा हात अजून कच्चा आहे. आबांना बहुधा हे असं कोपर उचलावं लागत नसे. त्यांच्यासाठी ते काम खळगा करायचा.

संक्रांतीला अण्णा एक रेक्झिनची बॅग आवरत होते, रिटायर झाल्यापासून न उघडलेली. जुन्या पगाराच्या पावत्या, शिक्क्याची शाई, टाचण्यांचा डबा. मी आत दाढीचं सामान पुसत होतो. ते आले आणि ओट्यावर काहीतरी ठेवलं. पिवळट, अर्ध्या काडेपेटीएवढं.

"हे त्याचं."

मी विचारलं, "कुठं होतं?"

"कचेरीत. टेबलावर. पंख्यानं कागद उडायचे."

तेहतीस वर्षांची नोकरी. त्या टेबलावर अर्ज देऊन गेलेल्या कुणालाही तो पेपरवेटच वाटला असणार. आबांकडून त्यांनी तो मागून आणला, की न सांगता उचलला, आणि आणला तर कधी, हे मी विचारलं नाही. ते दारात थोडा वेळ उभे राहिले, मी उचलतोय का बघत. उचलला तसे ते आत गेले.

पिल्लाचं पोट फुगीर होतं. इतकी वर्षं खळग्यात फिरून त्याचा खालचा चेहरा खळग्याच्याच आकाराचा झाला होता. सपाट दगडावर ठेवलं तर डुगडुगलं. मी किती वेळ ते बोटानं नुसतं डुगडुगवत होतो. नियमाप्रमाणे त्यालाही घासून सपाट करायला हवं, नाहीतर ते दगडाला एकाच जागी खातं. मी त्यावर चार थेंब पाणी टाकलं आणि मधोमध गोल गोल फिरवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पोटाखालून पांढुरकं पाणी सुटायला लागलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी हेच. जागा बदलत नाही, मधोमधच फिरवतो. गेल्या रविवारी काम झाल्यावर दगड धुतला, कोरडा केला, खिडकीशी नेला आणि पोलादी पट्टी त्यावर लांबीनं उभी धरली. दोन्ही टोकं टेकली होती. मध्ये, दीड-दोन इंचांत, पट्टीखालून उजेडाची एक रेघ येत होती.

अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. मी काही न बोलता दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, अंगठा मधोमध नेला, एकदा इकडून तिकडं फिरवला.

"अजून लई वेळ लागंल," ते म्हणाले, आणि दगड लगेच परत दिला नाही.